चप्पल 84 हजारांची झाली, त्यात वेणीचं किती?

वेणीवाली | 13 डिसेंबर, रात्री 9:40

नमस्कार. मी कोल्हापूरच्या सुभाषनगरची. वडील कोल्हापुरी चप्पल करतात, आई वेणी घालते. वेणी म्हणजे पट्ट्यावर दिसते ती कातड्याच्या बारीक पट्ट्यांची गुंफण. दुकानात चप्पल हातात घेतली की गिऱ्हाईक आधी तिच्यावरूनच बोट फिरवतं. मी गोकुळ शिरगावात एका कारखान्यात हिशेब लिहिते.

परवाची बातमी वाचली असेल तुम्ही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडं ओरड झाली तेव्हा मान्य केलं. आता त्याच कंपनीनं आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केलाय. 2000 जोड इकडं करून घेणार, किंमत एका जोडाला 800 युरो, म्हणजे सुमारे 84 हजार रुपये.

मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं हात न थांबवता विचारलं, "ह्यात वेणीचं किती?" मला सांगता आलं नाही. आज आमच्याकडं वेणीला वेगळा दरच नाही. जोडाची मजुरी वडिलांच्या नावावर येते, आईचं काम त्यातच धरलेलं.

आता प्रश्न. गल्लीतली 12 घरं एकत्र यायला तयार आहेत. प्रत्येक घर थोडे पैसे घालणार. पहिला रुपया कशावर खर्च करावा? थोरली माणसं म्हणतात, कातडं एकत्र विकत घ्या. पोरं म्हणतात, ऑनलाइन विक्री. आई म्हणते, पावसाळ्याचं काय ते आधी बघा. गरीब माणसाच्या हातात खरोखर पैसा पडेल असा धंदा ज्यांनी केलाय किंवा जवळून पाहिलाय त्यांनी सांगा. नुसतं अभिनंदन नको, वाट पाहिजे.

नाद_खुळा_007 | 13 डिसेंबर, रात्री 9:52

ताई, नाद खुळा! पहिली ऑर्डर माझी धरा. कापशी पद्धतीची, 8 नंबर.

पंचगंगाकाठ | 13 डिसेंबर, रात्री 10:31

बाळ, मी बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. थोरल्यांचं बरोबर आहे. कारागिराचं दुखणं विक्रीच्या आधी सुरू होतं.

सोमवारी कातडं आणायला पैसे नसतात. व्यापारी उचल देतो किंवा कातडंच उधार देतो. शनिवारी माल त्यालाच द्यायचा, दर त्याचाच. उचल वळती करून जे उरतं त्यात आठवडा निघत नाही, म्हणून पुन्हा उचल. समजा एका घराला आठवड्याचं कातडं 6 हजारांचं लागतं. तेवढे 6 हजार स्वतःचे असले तर तो माणूस शनिवारी दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकतो. सगळा खेळ त्या एका आठवड्याच्या भांडवलाचा आहे. बँका मोठ्या कर्जामागं धावतात, हे आठवड्याचं कर्ज द्यायला कुणी बसत नाही.

12 घरांनी मिळून फिरता निधी करावा. पैसा आठवड्यानं परत आलाच पाहिजे, हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा.

हसूरकर | 13 डिसेंबर, रात्री 11:05

बचत गटातून कर्ज घ्या की. नाहीतर मायक्रोफायनान्सवाले घरपोच देतात.

सायजी_वहिनी | 14 डिसेंबर, सकाळी 7:15

हसूरकर भाऊ, घरपोच देतात आणि घरपोच वसूलही करतात. माझ्या नणंदेनं एका कंपनीकडून घेतलं होतं. हप्ता आठवड्याला. चपलेचा धंदा जून ते सप्टेंबर बसलेला असतो, हप्ता मात्र पावसातही बुधवारी सकाळी दारात. एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढलं, असं करत तीन झाली. गटातल्या बाकीच्या बायका तिच्या दारात बसायच्या, कारण जामीन त्या. वर्षभर नणंद शेजारणींच्या नजरेला नजर देत नव्हती. गरिबाला कर्ज मिळालं एवढ्यावर खूश होऊ नका. त्याची कमाई कोणत्या महिन्यात येते ते पाहून हप्ता बांधणारा कोण आहे, ते शोधा.

माणदेशी_उन्ह | 14 डिसेंबर, सकाळी 9:20

सायजी वहिनी, अगदी. आमच्या म्हसवडचं सांगते. तिथं लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायला पैसे साठवायचे होते. बँकांनी तिचं खातं उघडलं नाही, रक्कम फार लहान. तिथं बायकांसाठी काम करणाऱ्या चेतना सिन्हांनी मग बायकांची बँकच काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला अक्षर येत नव्हतं तरी व्याज मोजता येतं, तुम्ही यंत्रावर करा आणि आम्ही तोंडी करतो. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

पुढचं जास्त महत्त्वाचं. बँकेत यायचं म्हणजे बाईची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकेची माणसं बाजारात आणि दारात जाऊ लागली. त्या बायकांना रोज 10-20 रुपये ठेवायची सोय पाहिजे होती. कर्जाची पाळी नंतर. तुमच्या आईंनी पावसाळ्याचं विचारलं ना, तेच ताडपत्रीचं गणित आहे. हंगामात जोडामागं ठरावीक रक्कम बाजूला पडली तर जुलैत उचल घ्यावी लागणार नाही.

पेठकरी | 14 डिसेंबर, दुपारी 1:10

मी व्यापारी आहे, चपलेचंच दुकान आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

उचल आम्ही देतो, खरं आहे. पण बँक देत नव्हती तेव्हाही आम्हीच देत होतो, मुलीच्या लग्नालाही आणि दवाखान्यालाही. मे अखेरीला दुकानात माल पडून राहिला की पावसात त्याला बुरशी चढते. दर आठवड्याला उन्हं दाखवायची, तेल लावायचं, तरी काही जोड जातातच. तो तोटा कारागीर सोसत नाही, मी सोसतो. महाद्वार रोडला देवीच्या दर्शनाला आलेलं गिऱ्हाईक रेक्झिनची चप्पल शेजारी ठेवून मला विचारतं, "ही निम्म्यात मिळते, तुमची का महाग?" त्याला कातडं वास घेऊन ओळखायला शिकवत बसायचं, तेही माझंच काम.

एक चांगलं झालंय. 22 सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के आला. आधी हजाराच्या वर 18 टक्के होता. 1800 च्या जोडाला चांगला फरक पडतो. तो फरक कारागिरापर्यंत गेला पाहिजे हे मला पटतं.

वेणीवाली, तुम्ही दुकान टाकाल तर माल साठवायला कोरडी जागा आहे का, हे आधी बघा.

वेणीवाली | 14 डिसेंबर, दुपारी 2:02

पेठकरी काका, शिव्या कशाला? वडिलांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन उचलीवरच झालं होतं. पण ती उचल फिटायला चार वर्षं लागली आणि चार वर्षांत जोडाचा दर एकदाही वाढला नाही. उपकार आणि दर एकाच वहीत लिहिले जातात, म्हणून दर मागायला तोंड उघडत नाही. आम्हाला ह्या दोन वह्या वेगळ्या करायच्या आहेत.

पेठकरी | 14 डिसेंबर, दुपारी 2:40

हे मी आधी असं बघितलं नव्हतं. खरं आहे तुमचं.

शाहूनगरी | 14 डिसेंबर, सायंकाळी 6:30

दोन वह्यांवरून गंगाराम कांबळे आठवले. आपल्या शहरातली गोष्ट आहे, तरी नव्या पोरांसाठी लिहितो. गंगाराम सरकारी पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला भांडवल दिलं. त्यांनी सत्यसुधारक नावाचं चहाचं हॉटेल काढलं.

भांडवल मिळालं, पाटी लागली, चहा चांगला होता, आणि गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायला लागले, बरोबरच्या सरदारांनाही पाजायला लागले. छत्रपती पितात म्हटल्यावर गाव प्यायला लागलं.

आपण भांडवल, यंत्र, प्रशिक्षण एवढ्यावर बोलतो. महाराजांना कळलं होतं की ज्याला समाजानं बाजाराबाहेर ठेवलंय त्याला भांडवलाबरोबर पहिलं गिऱ्हाईकही द्यावं लागतं. चप्पल आपण सगळे घालतो, पण करणारा चर्मकार आणि कातडं कमावणारा ढोर समाज यांच्या गल्लीत जाऊन किती जण विकत घेतात? पेठेत येऊन घेतात. मधल्या अंतराची किंमत कारागीर मोजतो.

अथणीकर | 14 डिसेंबर, रात्री 8:45

मी पलीकडचा, कर्नाटकातला. पलीकडचा म्हणजे तरी काय, चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते दोन राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. 2000 जोड सारखे वाटले तर जिल्ह्याला 250. आमच्या अथणीत दोन गल्ल्या मिळून तेवढं काम थोड्या दिवसांत उडवतील. तेव्हा प्राडाच्या भरवशावर घर बांधू नका. मात्र त्या बातमीनं जी चर्चा झाली तिचा उपयोग करून घ्या.

आमच्याकडं टोहोल्ड नावाचा प्रयोग झाला. बायकांचे बचत गट धरून चप्पल परदेशी पाठवली. बायका आधीपासून निम्मं काम करत होत्या, पण बाजार त्यांनी बघितलेला नव्हता. गटांमुळं त्यांच्या नावावर पैसे यायला लागले. सगळ्यात जड काम होतं मापाचं. आपल्याकडं प्रत्येक घराचा 7 नंबर वेगळा. एका घराचा 7 दुसऱ्याच्या 8 एवढा. परदेशी माणूस असा माल परत पाठवतो. साचे एकसारखे केल्यावर मगच गाडी चालली. पहिला रुपया मापावर घाला, असं माझं मत.

लाटणे_पोळपाट | 15 डिसेंबर, सकाळी 10:00

लिज्जतसारखं करा ना. 1959 साली सात बायका, 80 रुपये उसने. सकाळी पीठ घेऊन जायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, तिथंच मजुरी. लाटणारी प्रत्येक बाई मालक. उचलीचा प्रश्नच नाही.

अथणीकर | 15 डिसेंबर, सकाळी 10:25

ताई, रोजचे पैसे रोज ही गोष्ट शंभर टक्के घेण्यासारखी. पण पापड एका पिठाचा, एका मापाचा. चपलेचं कातडं प्रत्येक जनावराचं निराळं. पाठीचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल. चपलेच्या तळाला कोणता, कानाला कोणता, अंगठ्याला कोणता, हे कापणारा ठरवतो. कातडं वाटून दिलं आणि चप्पल गोळा केली असं होत नाही. कापणारा हात चांगला नसेल तर निम्मं कातडं वाया.

लाटणे_पोळपाट | 15 डिसेंबर, सकाळी 10:41

पटलं. मग कापणी एका ठिकाणी आणि वेणी-शिवण घरी, असं?

वेणीवाली | 15 डिसेंबर, सकाळी 11:10

हे वडिलांना विचारते. 12 घरांत रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, चांगली चालवणारे तिघंच आहेत.

स्वच्छ_पुणेकर | 15 डिसेंबर, दुपारी 12:30

पुण्यातलं उदाहरण जोडतो. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ची. त्यातूनच पुढं स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेते. आधी ह्याच बायका कचराकुंडीत हात घालायच्या आणि लोक त्यांच्यावर चोरीचा आळ घ्यायचे. आता गळ्यात ओळखपत्र, आणि दर महिन्याला घराघरातून शुल्क थेट त्यांच्या हातात. भंगाराचे पैसेही त्यांचेच. नवं यंत्र काही आलं नाही. पैसा ज्या वाटेनं येतो ती वाट बदलली. तुमच्या धाग्यातही मला तेच दिसतंय.

राजारामपुरी_7 | 15 डिसेंबर, दुपारी 3:15

थोडं विषयांतर. खरी कोल्हापुरी कशी ओळखायची कुणी सांगेल का? मागच्या वर्षी घेतली, पहिल्याच पावसात तळ फुगून पुठ्ठा बाहेर आला.

पेठकरी | 15 डिसेंबर, दुपारी 3:50

कडेनं बघायचं. अस्सल तळात कातड्याचे थर दिसतात, पुठ्ठा नाही. शिवण कातडी वादीची, खिळा नाही. आणि पावसात घालायची नाही, कुणीही दिलेली असो! लिडकॉम महामंडळानं आता क्यूआर कोड आणलाय, तो मोबाइलनं तपासला की कोणी केली, कुठं केली ते कळतं. असलेलाच जोड घ्या.

राजारामपुरी_7 | 15 डिसेंबर, दुपारी 4:02

आणि कर्रकर्र वाजते ती?

पेठकरी | 15 डिसेंबर, दुपारी 4:10

थरांच्या मध्ये आवाजासाठी एक लहानशी वस्तू घालतात, तिला विंचू म्हणतात. खास सांगून करून घ्यावं लागतं.

सातासमुद्री | 15 डिसेंबर, रात्री 11:58

मूळ उत्तरेश्वर पेठ, आता 18 वर्षं परदेशात. वाचून डोळे भरले. आमच्या आजोबांची चप्पल करायला घरी एक मामा यायचे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर आजोबांना उभं करायचे आणि कानामागची पेन्सिल काढून पायाभोवती फिरवायचे. उजवा पाय वेगळा, डावा वेगळा. आजोबांचा डावा अंगठा लहानपणी मोडलेला, तर मामा तिथं एक फुली मारायचे. त्या फुलीमुळं आजोबांना आयुष्यात चप्पल चावली नाही. माझा पाय रुंद आहे, इथं कुठल्याच दुकानात माझ्या मापाचं मिळत नाही. कुणी माझ्या पायाभोवती पेन्सिल फिरवेल तर मी दुप्पट किंमत आनंदानं देईन.

पंचगंगाकाठ | 16 डिसेंबर, सकाळी 6:50

सातासमुद्री, तुम्ही सहज लिहिलंत, पण माझी रात्रभर झोप गेली. त्या मामांनी तुमच्या आजोबांकडून आधी काही पैसे घेतले होते का?

सातासमुद्री | 16 डिसेंबर, सकाळी 8:15

हो. निम्मे आधी, निम्मे चप्पल पायात बसल्यावर. आजी म्हणायची, आधी दिल्याशिवाय तो कातडं कुठून आणेल?

पंचगंगाकाठ | 16 डिसेंबर, सकाळी 8:40

मिळालं! मंडळी, हेच ते आठवड्याचं भांडवल. ते बँकेकडून नको, उचलीतून नको, गिऱ्हाइकाकडूनच येऊ दे. मापाबरहुकूम चप्पल, निम्मे पैसे आधी. माल पडून राहत नाही, म्हणजे पेठकरींचा बुरशीचा प्रश्न कमी. नंबराचा घोळ नाही, म्हणजे अथणीकरांचा प्रश्न टळला. जुनी पद्धत, फक्त पेन्सिल फिरवलेला कागद मोबाइलवर येईल.

कागद_पेन्सिल | 16 डिसेंबर, सकाळी 9:30

मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवतो. साध्या फोटोवरून माप चुकतं, कारण कॅमेरा तिरका धरला की आकार बदलतो. उपाय सोपा आहे. गिऱ्हाइकानं ए-फोर कागदावरच पाय ठेवायचा. तो कागद जगात बहुतेक ठिकाणी 21 बाय 29.7 सेंटिमीटरचाच. फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. कोपऱ्यांवरून फोटो सरळ करता येतो आणि पाय खऱ्या मापात छापता येतो. पेन्सिल उभी धरायची, तिरकी धरली तर पाय बारीक येतो. दुसरं, पायाचा घेर: दोरी गुंडाळून मोजायला सांगा. पट्टा घट्ट की सैल ते घेरावर ठरतं. फोटो सरळ करून छापायचं मी एका मुलीला शिकवतो, फी नको.

सातासमुद्री | 16 डिसेंबर, सकाळी 9:55

अमेरिकेत मात्र ए-फोर सहसा मिळत नाही हो, तिथला कागद वेगळा असतो. माप लिहून घ्या म्हणजे झालं.

कागद_पेन्सिल | 16 डिसेंबर, सकाळी 10:03

बरोबर. कोणता कागद ते विचारून घ्यायचं.

कायदा_आणि_काका | 16 डिसेंबर, दुपारी 1:45

एकत्र यायचं म्हणजे कसं, हेही ठरवा. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान 10 माणसं लागतात. उत्पादक कंपनीलाही 10 उत्पादक. लोक समजतात ती फक्त शेतकऱ्यांसाठी असते, पण हस्तकला आणि कुटिरोद्योगालाही चालते. एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. सभासद म्हणून घराऐवजी माणूस धरा, म्हणजे आईंचं आणि वडिलांचं नाव वेगळं लागेल. दर ठरवायच्या सभेत वेणी घालणाऱ्यांची मतं मोजली जातील. शिवाय जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून प्रत्येकानं नोंदणी करा, नाहीतर नाव कोल्हापूरचं आणि हक्क दुसऱ्याचा.

पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारी आहे. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यांनं. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं, तेव्हा कुणाच्या नावावर घ्यायचं ते घरात बसून ठरवा.

उतार_आणि_पायरी | 16 डिसेंबर, दुपारी 4:20

मी चाकाची खुर्ची वापरते. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात 1984 साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केलं, पुढं सिंधुदुर्गात स्वप्ननगरीत अपंगांच्या हातून काजूचं काम सुरू झालं. तिथून मी एक शिकले: माणसाला कामाजोगं करण्यापेक्षा कामाची जागा माणसाजोगी करावी. तुमचे वडील आयुष्यभर जमिनीवर वाकून बसलेत ना? गुडघे कसे आहेत त्यांचे? एकत्र कापणीची जागा करणार असाल तर पाट उंच करा. माझ्यासारखी दोन माणसंही तिथं काम करतील.

चाळिशी | 16 डिसेंबर, रात्री 9:12

मी डोळे तपासण्याचं काम करते, म्हणून मला वेगळंच दिसलं. तुमच्या आईंचं वय काय? चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, ते सगळ्यांनाच होतं. बाया सांगत नाहीत, काम हळू करतात, दिव्याजवळ सरकतात, डोकं दुखतं म्हणून लवकर उठतात. आसामात चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांवर एक अभ्यास झाला, 2018 साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. जवळचा साधा चष्मा दिलेल्यांची खुडणी, न दिलेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्के जास्त वाढली. पानं खुडायला एवढा फरक, तर वेणीला किती पडेल? तुमचा पहिला रुपया चष्म्यावर घाला. येत्या रविवारी मी पेटी घेऊन गल्लीत येते.

वेणीवाली | 16 डिसेंबर, रात्री 10:30

आई 53 वर्षांची आहे. दोन वर्षांपासून ती वेणी दारात बसून घालते, आम्हाला वाटायचं तिला उन्हात बरं वाटतं.

या ताई. नक्की या.

हसूरकर | 17 डिसेंबर, सकाळी 8:00

मी मायक्रोफायनान्स सुचवलं होतं ते मागं घेतो. सायजी वहिनी, नणंदेचं कसं आहे आता?

सायजी_वहिनी | 17 डिसेंबर, सकाळी 8:30

फिटलं भाऊ. दोन म्हशी विकून. आता गोकुळला दूध घालत नाही, तेवढं दुःख आहे.

वेणीवाली | 8 मार्च, रात्री 9:15

बरेच दिवस लिहिलं नाही, पण धागा रोज वाचत होते. काय झालं ते क्रमानं सांगते.

चाळिशी ताई दोन रविवार आल्या. 14 बायका तपासल्या, 9 जणींना जवळचा चष्मा लागला. आमचा पहिला रुपया तिथंच गेला. आईनं चष्मा लावून स्वतःचीच जुनी वेणी बघितली आणि म्हणाली, "हे मी घातलं? हे तर वाकडं आहे." ती रात्री उशिरापर्यंत उसवून पुन्हा घालत बसली.

कातडं एकत्र एकदा घेतलं. तुकड्यानं घेण्यापेक्षा स्वस्त पडलं हे खरं, पण निवडताना भांडणं झाली. तळाचं चांगलं कातडं कुणाला, यावरून एक घर बाहेर पडलं. मग वडील आणि दुसरे दोघे मिळून कापायला लागले, बाकीचे शिवतात, तेव्हा भांडण थांबलं. पाट उंच केला. वडील पहिले आठ दिवस उभं राहायला नाराज होते, आता गुडघ्याला तेल लावायचं विसरतात.

मापाच्या ऑर्डरी 31 आल्या, 26 गेल्या. सातासमुद्री काकांचा जोड पोचला, त्यांनी फोटो पाठवलाय. चार जोड परत आले. दोन घट्ट होते, गिऱ्हाइकानं पेन्सिल तिरकी धरलेली. दोन आमच्या चुकीनं, छापताना कागदाचं माप बघितलं नाही. आता कुणी फोटो पाठवला की पोरगी आधी फोन करून विचारते, पेन्सिल कशी धरली? निम्मे पैसे आधी मागायला आम्हालाच लाज वाटत होती. कुणीही नाही म्हणालं नाही.

आणि बिलात आम्ही ओळी वेगळ्या केल्या. कातडं, कापणी, शिवण, वेणी. वेणीच्या ओळीपुढं आईचं नाव असतं आणि पैसे तिच्या खात्यावर जातात. तिचं ते पहिलं खातं. एका गिऱ्हाइकानं फोन करून वेणी घालणाऱ्या बाईंशी बोलायचंय म्हटलं. आईनं पदर सावरून फोन घेतला.

कंपनीची नोंदणी अजून व्हायची आहे. 11 घरांतून 17 सभासद होतील, त्यात 9 बायका.

राहिला आईचा पहिला प्रश्न. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कातडं कुठं ठेवायचं? मापाच्या ऑर्डरी परदेशातून पावसातही येतील, पण आमच्या घरांत ओल येते. मागच्या वर्षी पुराचं पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं.

कागद_पेन्सिल | 8 मार्च, रात्री 9:40

चार परत, 26 पैकी. पहिल्या खेपेला वाईट नाही. पेन्सिलीचा व्हिडिओ करू, दोन मिनिटांचा.

शाहूनगरी | 8 मार्च, रात्री 9:58

मी रविवारी सहकुटुंब येतो माप द्यायला, गल्लीतच. चहा तुमच्याकडं.

पेठकरी | 8 मार्च, रात्री 10:20

माझ्या दुकानाचा माळा कोरडा आहे. पत्र्याखाली लाकडी तख्तपोशी आहे, 30 वर्षांत ओल आलेली नाही. जून ते सप्टेंबर वापरा. पुराचं पाणी तिथं येत नाही. येऊन बघून जा.

वेणीवाली | 8 मार्च, रात्री 10:34

काका, उद्या संध्याकाळी वडिलांना घेऊन येते. भाडं मात्र ठरवायचं, आणि ते वेगळ्या वहीत लिहायचं.

पेठकरी | 8 मार्च, रात्री 10:36

वही मी आणून ठेवतो.